टेप आत, तरी ‘टेप नाही’: सांगलीच्या एका हळद-बेदाणा पेढीतलं बॅकअप प्रकरण

सांगलीच्या मार्केट यार्डाजवळ एक हळद-बेदाणा व्यापार करणारी कंपनी आहे. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तिथला रात्रीचा टेप बॅकअप, म्हणजे सर्व्हरवरच्या हिशेबाची चुंबकीय टेपवर निघणारी प्रत, बंद पडला. सर्व्हरवर संदेश एकच येत होता: ड्राइव्हमध्ये टेप नाही. टेप तर रोज संध्याकाळी घातली जात होती. संगणक सांभाळणाऱ्या मुलानं फोनवर सांगितलं, "साहेब, टेप आत घेतंय, घरघर करतंय, आणि म्हणतंय टेपच न्हाई."

पहिल्या दिवशी ड्रायव्हर काढून पुन्हा बसवला. दुसऱ्या दिवशी केबल बदलली. तिसऱ्या दिवशी महिनाअखेरची जपून ठेवलेली टेप मागवली. ती तरी चांगली असणारच, असा हिशेब. तीही घेतली नाही, तेव्हा ड्राइव्ह मेला असं ठरलं आणि नव्या ड्राइव्हचं कोटेशन मागवलं गेलं.

ड्राइव्ह मेलेला नव्हता. तीन टेपा तीन वेगळ्या कारणांनी लागत नव्हत्या आणि तिघींचा संदेश एकच होता. प्रकरण लांबलं ते एवढ्यानंच.

मांडणी अशी. लिनक्स सर्व्हर, त्यात एसएएस एचबीए कार्ड (बाहेरची उपकरणं जोडायचं कार्ड) आणि त्याला जोडलेला बाहेरचा अर्ध्या उंचीचा एलटीओ-६ ड्राइव्ह, म्हणजे एलटीओ प्रकारच्या टेपांच्या सहाव्या पिढीचा. सोमवार ते शनिवार सहा टेपा फिरत्या, महिनाअखेरच्या बारा वेगळ्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती आणि तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या पुरानंतर हिशेबाची एक प्रत पिशवीत घालून गावाबाहेर नेता आली पाहिजे, असं कंपनीनं ठरवलं आणि म्हणून टेप आली. कंपनी कायद्याप्रमाणे हिशेबाची पुस्तकं ८ वर्षं जपावी लागतात, त्यामुळे महिनाअखेरच्या टेपांना महत्त्व जास्त. निर्णय योग्यच होता. गडबड झाली ती टेपा हाताळण्यात आणि ठेवण्यात.

‘टेप नाही’ हे ड्राइव्हचं शेवटचं वाक्य

केबल आणि ड्रायव्हरवर दोन दिवस गेले, ते दोन मिनिटांत वाचले असते. सर्व्हरला जोडलेल्या उपकरणांची यादी काढली (लिनक्सवर ‘एलएसस्कझी’ आदेश) तेव्हा ड्राइव्ह आपल्या नावानिशी, ‘टेप’ या प्रकारात, नीट दिसत होता. केबल, कार्ड किंवा ड्रायव्हर खराब असता तर यादीतून ड्राइव्हच गायब झाला असता, किंवा कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) नोंदींत बस रीसेटच्या, म्हणजे जोडणी तुटून पुन्हा सुरू केल्याच्या, ओळी दिसल्या असत्या. इथं ड्राइव्ह उत्तर देत होता, आणि ‘टेप नाही’ हे उत्तर त्याचंच होतं. जोडणी शाबूत असल्याचा याहून सरळ पुरावा नाही.

आता ते उत्तर खरं कसं, ते पाहू. कार्ट्रिज ढकललं की ड्राइव्ह ते ओढून घेतो आणि मोटरच्या दातांवर खाली बसवतो. इथं ‘खट्’ असा आवाज येतो. कार्ट्रिजमध्ये एक चिप असते. ती ड्राइव्ह स्पर्श न करता, रेडिओ लहरींवर वाचतो, आणि टेप कोणत्या पिढीची, आजवर किती वेळा लागली हे त्याला कळतं. मग एक पकड कार्ट्रिजच्या कोपऱ्यातली लीडर पिन, म्हणजे टेपच्या टोकाची छोटी धातूची काडी, धरून हेडसमोरून (हेड म्हणजे टेप वाचणारा-लिहिणारा भाग) पलीकडच्या रिळापर्यंत ओढत नेते. टेपला ताण दिला जातो. टेपवर कारखान्यातच लिहिलेल्या ५ सर्वो पट्ट्या, म्हणजे जागा दाखवणाऱ्या खुणा, हेड शोधतं आणि त्यांवर स्वतःला लावून घेतं. त्यानंतरच ‘तयार’ची खूण येते. निरोगी ड्राइव्ह आणि निरोगी टेप असेल तर हे सगळं साधारण अर्ध्या मिनिटात उरकतं.

यातली एक पायरी फसली की ड्राइव्ह एकदोनदा प्रयत्न करून टेप बाहेर टाकतो. बाहेर टाकल्यावर कोणी विचारलं तर तो खरंच रिकामा असतो, म्हणून ‘टेप नाही’. खरं कारण त्याआधी काही सेकंद सांगून झालेलं असतं. आणि ते तो एकदाच सांगतो, जो पहिला विचारेल त्याला. इथं पहिला विचारणारा होता बॅकअपचा प्रोग्राम. त्यानं कारण गिळलं आणि पडद्यावर शेवटचं वाक्य दाखवलं.

त्यात इथली सवय अशी की साडेसहाला टेप ढकलायची, दिवे बंद करायचे, कुलूप लावायचं. टेप मिनिटाभरात परत बाहेर आलेली असे, पण ती बघायला खोलीत कोणी नसे. सकाळी ती तोंडातून अर्धी बाहेर दिसली की बॅकअप पूर्ण होऊन बाहेर आली, असं समजलं जाई.

म्हणून आधी बॅकअपची सेवा पूर्ण थांबवली. मग दर २ सेकंदांनी ड्राइव्हला ‘तयार आहेस का’ विचारणारा (‘एसजी-टर्स’ आदेश) आणि उत्तर वेळेसह फाइलमध्ये लिहिणारा चार ओळींचा लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणारा छोटा प्रोग्राम) चालू ठेवला. आता टेप घातली की सगळा प्रवास दिसतो. ‘०२/०४/०१’ म्हणजे तयार होतोय. ‘५३/००’ म्हणजे टेप चढवताना किंवा काढताना अपयश. ‘३०/००’ म्हणजे न चालणारी टेप. ‘०२/३ए/००’ म्हणजे रिकामा. शेवटच्या ३ए च्या आधीची ओळ वाचायची. टेपअलर्टचे झेंडेही, म्हणजे ड्राइव्ह स्वतः नोंदवतो ते क्रमांकवार इशारे (लॉग पान २ई), त्याच वेळी फाइलमध्ये घ्यावेत, कारण बऱ्याच ड्राइव्हवर ते एकदा वाचले की पुसले जातात.

टेप घालण्याआधी हातात घेऊन बघा

लूप तयार होता, तरी सगळ्या टेपा एकामागून एक आत ढकलायच्या नाहीत. पिन निसटलेली टेप पुन्हा पुन्हा घातली तर आतली पकड वाकते आणि मग चांगली टेपही लागत नाही. तीच टेप ‘बघू लागते का’ म्हणून दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घातली तर तोही जातो. म्हणून आधी नजर आणि टॉर्च.

पहिल्यांदा प्रत्येक कार्ट्रिजची लेखन-बंदीची खुंटी ‘बंद’वर सरकवली. तपासताना चुकून एक बाइटही लिहिला जाऊ नये. मग पिढी पाहिली. सगळ्या एलटीओ कार्ट्रिजचा साचा बाहेरून सारखाच असल्यानं चुकीची पिढी सहज घेतली जाते. एलटीओ-६ ड्राइव्ह ६ आणि ५ पिढीची टेप लिहितो-वाचतो, ४ पिढीची फक्त वाचतो आणि ७ किंवा पुढची नाकारतो. (मागच्या दोन पिढ्या वाचण्याची सोय एलटीओ-७ पर्यंतच होती. एलटीओ-८ फक्त ७ आणि ८ घेतो. जुन्या टेपा असणाऱ्यांनी नवा ड्राइव्ह घेताना हे आधी बघावं.) इथं सगळ्या टेपा ६ पिढीच्याच होत्या. ती शंका मिटली.

मग कोपऱ्यातलं छोटं सरकतं दार बोटानं मागं करून पिन बघितली. चांगल्या कार्ट्रिजमध्ये पिन सरळ उभी, दोन्ही टोकं आपापल्या स्प्रिंगच्या खोबणीत घट्ट. बुधवारच्या टेपमध्ये पिनचं खालचं टोक खोबणीतून सुटून आत कललं होतं. कार्ट्रिजच्या कडेला बारीक तडाही होता. चौकशीत कळलं की ही टेप घरी नेण्यासाठी मोपेडच्या डिकीत, डबीशिवाय, पान्ह्यांबरोबर जात होती. एलटीओ कार्ट्रिज दिसायला दणकट असतं, पण ते डबीशिवाय आदळलं की पहिली सुटते ती पिनच.

बॅकअप प्रोग्रामच्या जुन्या सविस्तर नोंदीत बुधवारच्या संध्याकाळी ५३/०० सापडलं. टेप ओढण्याच्या पायरीवरच काम अडत होतं. हिच्यात गेल्या बुधवारची प्रत होती, म्हणून ती टाकून देता येत नव्हती. हातमोजे घालून, प्लास्टिकच्या चिमट्यानं पिन दोन्ही खोबणींत परत बसवली. धातूचा चिमटा वापरायचा नाही आणि टेपच्या चकाकत्या भागाला हात लावायचा नाही. पिन सुटून टेप आत रिळावर ढिली पडली असती तर काम हाताबाहेरचं होतं, कारण रिळाला कुलूप असतं आणि ते उघडून फिरवायला खास साधन लागतं. इथं फक्त टोक निसटलं होतं. दुरुस्त झालेली ही टेप एकदाच घालायची, वाचून डिस्कवर उतरवायची आणि निकालात काढायची. तिच्यावर पुन्हा लिहिणं हा शहाणपणा नाही.

शुक्रवारची टेप आणि पिवळं फडकं

बाकी पाच टेपा आता लूप चालू ठेवून एकेकदा घातल्या. क्रम महत्त्वाचा: स्वच्छ दिसणाऱ्या आधी, मळकी शेवटी, म्हणजे एकीची घाण दुसरीला लागत नाही. मंगळवार, गुरुवार, शनिवार अर्ध्या मिनिटात लागल्या. टेपची स्थिती सांगणाऱ्या ‘एमटी स्टेटस’ आदेशात ‘बीओटी’ (टेप सुरुवातीला आहे) आणि ‘ऑनलाइन’ आलं, डेन्सिटी कोड ५ए, म्हणजे एलटीओ-६. सोमवारची लागली, पण सव्वा मिनिट घेऊन. शुक्रवारची आत गेली, खट् झालं, ओढल्याचा आवाज आला, मग टेप मागंपुढं, मागंपुढं चालत राहिली आणि मिनिटभरानं बाहेर आली. क्लीनिंगचा दिवा लागला, टेपअलर्टचा २० क्रमांकाचा झेंडा वर: ‘आत्ता स्वच्छ करा’.

मागंपुढंचा आवाज ओळखीचा असावा. टेप ओढली गेली, पण हेडला सर्वो पट्टी सापडत नाही, असा त्याचा अर्थ. दोष पिनमध्ये नसून हेडवर किंवा टेपच्या पृष्ठभागावर आहे.

मुलानं सांगितलं, क्लीनिंग टेप तर दर शनिवारी न चुकता घालतो. ती घातली तेव्हा ड्राइव्हनं लगेचच परत दिली. दिवा तसाच राहिला आणि झेंडा आला २२ क्रमांकाचा: क्लीनिंग टेप संपलेली. ही क्लीनिंग टेप ५० वेळांची होती आणि वापर तिच्या चिपमध्येच मोजला जातो. वरचा बारकोड बदलून काही होत नाही. दर शनिवारी एकदा, म्हणजे ५० आठवड्यांत ती संपली, आणि त्यानंतर कित्येक महिने दर शनिवारी संपलेली टेप आतबाहेर होत होती. मुलाचा दोष इतकाच की टेप बाहेर आली म्हणजे काम झालं असं तो समजत होता. खरी सफाई काही मिनिटं चालते आणि नंतर दिवा विझतो. दिवा विझला नाही तर सफाई झालीच नाही.

दर आठवड्याला सफाई ही सवयही बरी नाही. क्लीनिंग टेप हेडला घासते, आणि गरज नसताना घासलं की हेड झिजतं. ड्राइव्ह मागेल तेव्हाच द्यावी.

नवी क्लीनिंग टेप आणली, एकदा चालवली, दिवा विझला. शुक्रवारची टेप २८ सेकंदांत लागली. तिचं पूर्ण वाचन करून घेतलं. वाचनानंतर दिवा पुन्हा लागला, कारण टेपवरची घाण आता हेडवर आली होती. पुन्हा एकदा सफाई. त्यानंतर सोमवारची टेपही अर्ध्या मिनिटावर आली.

घाण कसली? ड्राइव्हचा पंखा हवा समोरच्या तोंडातून ओढतो, म्हणून तोंडाची चौकट पांढऱ्या फडक्यानं पुसली. फडकं पिवळं झालं. त्यावर चुन्याची निवळी टाकली तशी पिवळा डाग लाल झाला. हळदीचं कुंकू ज्या गुणानं होतं त्याच गुणानं. सर्व्हरच्या खोलीमागची भिंत हळद दळण्याच्या विभागाची, आणि वर वायरींसाठी पाडलेलं भोक कधी बुजवलंच नव्हतं. शुक्रवारची टेप डबी हरवल्यामुळे त्याच भोकाखालच्या फळीवर उघडी असायची.

हळद टेपला एवढी का भोवते, ते आकड्यांत बघावं. टेपची रुंदी १२.६५ मिलिमीटर आणि एलटीओ-६ मध्ये त्यावर २१७६ ट्रॅक, म्हणजे एका ट्रॅकला ६ मायक्रॉनही जागा येत नाही. टेपची जाडीसुद्धा ६ मायक्रॉनच्या आसपास. दळलेल्या हळदीचा कण याच्या कितीतरी पट मोठा. असा एक कण हेड आणि टेपच्या मध्ये आला की टेप उचलली जाते आणि तेवढा भाग हेडला दिसतच नाही.

या वेळी मोह होतो तो ब्लोअरनं हवा मारण्याचा. मारू नये. बाहेरची भुकटी त्यानं आत टेपच्या वाटेवर जाते. कापसाची काडी स्पिरिटमध्ये बुडवून हेड पुसणंही नको, तंतू अडकतात. आतली सफाई फक्त क्लीनिंग टेपनं, बाहेरून फक्त कोरडं, धागे न सुटणारं फडकं.

थंडीतून आलेली टेप

उरली महिनाअखेरची, जिच्यामुळे ड्राइव्ह मेला असं ठरलं होतं. पिन सरळ, पिढी बरोबर, भुकटीचा मागमूस नाही. मग ती कुठं ठेवलेली होती? तासगाव बाजूच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये, ४ अंशांच्या आसपास. पुरापासून लांब, कुलूपबंद, आणि थंडीत वस्तू टिकते हा बेदाण्याचा अनुभव. विचार प्रामाणिक होता. पण टेप म्हणजे बेदाणा नव्हे. दीर्घ साठवणीसाठी एलटीओ टेपला १६ ते २५ अंश तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता लागते.

जुलैतली सांगली, हवा ओलसर. ४ अंशांवरचं कार्ट्रिज अशा हवेत आणलं की फ्रीजमधून काढलेल्या बाटलीसारखं त्यावर पाणी सुटतं. बाहेर दिसतं ते पुसता येतं, पण टेपच्या थरांमध्येही दव धरतं. ओली टेप हेडला चिकटत चालते, ताण बिघडतो आणि ड्राइव्ह तिला बाहेर टाकतो. त्यानं ती टाकली हे चांगलंच झालं. चालवत राहिला असता तर टेप ताणली गेली असती आणि त्या महिन्याचा हिशेब गेला असता.

उपाय फक्त थांबण्याचा होता. टेप डबीत, डबी बंद प्लास्टिक पिशवीत, आणि पिशवी न उघडता वातानुकूलित खोलीत २४ तास. पिशवी यासाठी की पाणी धरायचंच तर ते पिशवीवर धरावं, टेपवर नाही. दुसऱ्या दिवशी टेप घातली, अर्ध्या मिनिटात लागली, आणि पूर्ण वाचनात एकही चूक निघाली नाही.

तिसऱ्या दिवशी, ही टेप लागत नव्हती तेव्हा, बॅकअप प्रोग्रामनं एक खिडकी दाखवली होती: टेप ओळखता येत नाही, नव्याने आरंभ करायची का? ‘हो’ दाबलं असतं तर प्रोग्राम लागणाऱ्या पुढच्या टेपवर नवं लेबल लिहून मोकळा झाला असता आणि त्या टेपवरची प्रत गेली असती. न लागणाऱ्या टेपसमोर हा प्रश्न आला की उत्तर नेहमी ‘नाही’, आणि आधी लेखन-बंदीची खुंटी.

जे बदललं

नव्या ड्राइव्हचं कोटेशन रद्द झालं. खर्च एका क्लीनिंग टेपचा, दोन नव्या डाटा टेपांचा (बुधवारच्या जागी एक, शिल्लक एक) आणि डब्यांचा. भिंतीतलं भोक बुजवलं आणि ड्राइव्ह वरच्या मजल्यावर हिशेबाच्या खोलीत हलवला. सर्व्हर तिथं आधी नेला, कारण लांब केबल ओढण्यापेक्षा दोन्ही एकत्र असणं बरं. महिनाअखेरच्या टेपा विश्रामबागेतल्या कार्यालयात बंद कपाटात, उभ्या, डबीसकट ठेवल्या. कोल्ड स्टोरेजमधल्या बाकी अकरा टेपा एकदम न आणता पिशव्यांत घालून तीन खेपांत आणल्या आणि प्रत्येक खेपेला २४ तास थांबून पूर्ण वाचन केलं. अकराही वाचल्या गेल्या. मोपेडवरून जाणाऱ्या टेपेला आता आत स्पंज लावलेला डबा आहे.

ड्राइव्हशेजारी भिंतीवर एक कागद चिकटवला आहे. त्यावर रोज चार रकाने भरायचे: तारीख, टेपचं नाव, ‘तयार’ दिवा स्थिर व्हायला लागलेले सेकंद, क्लीनिंग दिवा लागला का. दिवा स्थिर होईपर्यंत मुलगा आता खोलीतच थांबतो. ४५ सेकंदांच्या वर वेळ गेला तर त्याच संध्याकाळी टेपअलर्ट वाचायचा, आणि दुसरी टेप घालून रात्रीचा बॅकअप मात्र चुकवायचा नाही. महिन्यातून एकदा एका टेपवरून एका खात्याची वही दुसऱ्या संगणकावर परत काढून, त्या दिवसाच्या छापील वहीशी शिल्लक ताडून बघायची. पहिल्या महिन्यात हे मंगळवारच्या टेपवर झालं, दुसऱ्या महिन्यात शुक्रवारच्या. दोन्ही वेळा शिल्लक जुळली. शुक्रवारच्या टेपपुढे सेकंदांच्या रकान्यात २७ आहे.